पाच तारे आणि दीडशे रुपये

मृग लागायच्या आसपास चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत काही माणसे कपाशीचे बियाणे विकत घ्यायला निघतात, पण त्यांना पेरायचे काहीच नसते. तणनाशक सहन करणारे, सरकारची मान्यता नसलेले बियाणे इकडे ‘चोर बीटी’ म्हणून ओळखले जाते. ते दुकानाच्या फळीवर मांडलेले नसते. त्यासाठी ओळख काढावी लागते, फोन करावा लागतो, आणि पाकिटे गावाबाहेरच्या एखाद्या गोठ्यातून निघतात. म्हणून कृषी विभागाचे भरारी पथक आणि पोलीस आधी एक साधासुधा दिसणारा माणूस पुढे पाठवतात. तो भाव करतो, पैसे मोजतो, पाकीट हातात पडले की खूण करतो आणि मग पथक येते. कागदोपत्री याला ‘बनावट ग्राहक’ म्हणतात; पोलिसांच्या बोलण्यात तो ‘डमी’ किंवा ‘पंटर’ असतो. वाघाचे कातडे, खवले मांजर किंवा मांडूळ विकणाऱ्या टोळ्यांपर्यंत पोहोचताना वनखातेही हीच वाट धरते.

कंपन्या ज्याला ‘मिस्ट्री शॉपर’ म्हणतात तो याचाच भाऊबंद. हे नाव १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या विल्मार्क नावाच्या संस्थेने रूढ केले, असे मानले जाते. हॉटेलांच्या साखळ्या, पेट्रोलपंप, मोबाइलची दुकाने, बँका यांना आपल्या काउंटरवर खरोखर काय चालते ते जाणून घ्यायचे असते. मालक स्वतः गेला तर सगळे सरळ उभे राहतात. म्हणून अनोळखी ग्राहक पाठवला जातो. त्याच्याकडे प्रश्नावली असते: आत गेल्यावर किती मिनिटांनी कुणी विचारले, बिल न मागता मिळाले का, चूक दाखवल्यावर माणूस कसा वागला.

आपल्याकडे या पद्धतीने मोलाची कामे झाली आहेत. २०१४-१५ मध्ये संशोधकांनी मुंबई आणि पाटण्यात सामान्य माणसांना शिकवून, क्षयरोगाची लक्षणे सांगायला लावून, खासगी डॉक्टरांकडे पाठवले. अडीच हजारांहून अधिक भेटी झाल्या आणि त्यांतल्या जेमतेम ३७ टक्के भेटींत योग्य ते केले गेले. मोनिका हलन आणि रेणुका साने यांनी दिल्लीच्या बँकशाखांत गुंतवणूकदार म्हणून माणसे पाठवली. ग्राहकाच्या गरजेपेक्षा शाखेला जे खपवायचे आहे तेच पुढे केले जाते, असे चित्र समोर आले. साताऱ्याच्या ॲडव्होकेट वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना पकडण्यासाठी गर्भवती स्त्रियांच्या धाडसावर कितीतरी सापळे यशस्वी केले. पोटात बाळ असताना त्या स्त्रिया अनोळखी तपासणी केंद्रांच्या पायऱ्या चढल्या, ही साधी गोष्ट नाही.

हे सगळे लोक गुपचूप काम करतात. त्याशिवाय ते काम होतच नाही. आणि ठगाला हवी असते ती नेमकी हीच अट. ‘कुणासाठी काम करता हे कुणालाही सांगू नका, घरातही नको’ असे इतर कुठल्याही नोकरीत सांगितले तर माणूस चमकेल. गुप्त ग्राहकाच्या कामात मात्र ते कामाला धरूनच वाटते. फसवणुकीचे बाकी प्रकार माणसाला एकटे पाडायला मेहनत घेतात. इथे एकटेपण नेमणुकीच्या अटीतच लिहून येते.

म्हणून खरे-खोटे पारखायचे तर गुप्ततेकडे पाहून उपयोग नाही. पैसा कोणत्या वाटेने जातो ते पाहावे लागते. अस्सल काम देणारी संस्था नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी, ओळखपत्रासाठी पैसे मागत नाही. तरीही त्या कामात कधी कधी पदरचे पैसे आधी खर्च करावे लागतात, हे खरे आहे, आणि गोंधळ होतो तो इथेच. तीनशे रुपयांचा पिझ्झा मागवायचा, खायचा, बिलाचा फोटो पाठवायचा आणि ते तीनशे अधिक थोडा मेहनताना काही आठवड्यांनी खात्यात यायचा, अशी रीत असते. पण ते तीनशे रुपये दुकानाच्या गल्ल्यात जातात. पाटी डोळ्यांना दिसते, वस्तू हातात येते, बिल खिशात राहते. काम देणाऱ्याच्या खात्यात, किंवा त्याने सांगितलेल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात, एक रुपयाही जात नाही.

अमेरिका-कॅनडात या नावाखाली चालणारी जुनी फसवणूक चेकची आहे. तिकडे शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांनी ती माहीत करून घ्यावी. टपालाने दोन-अडीच हजार डॉलरचा चेक येतो. तो खात्यात भरा, तीनशे तुम्ही ठेवा, बाकीच्या पैशांतून अमुक दुकानातून गिफ्ट कार्डे घ्या आणि कार्डांवरचे आकडे आम्हाला कळवा. हीच त्या दुकानाची तपासणी. बँक एक-दोन दिवसांत रक्कम वापरायला देते, पण चेक खोटा असल्याचे कळायला आठवडे लागतात. तोवर कार्डांतले पैसे गेलेले असतात आणि बँक ती रक्कम खातेदाराकडून वसूल करते. गिफ्ट कार्डांच्या आधी हे पैसे ‘मनी ट्रान्सफर’ कंपन्यांमार्फत पाठवायला लावत. ‘त्यांचीच सेवा तपासायची आहे’ असे कारण दिले जाई. अशा नाना फसवणुकींचा पैसा आपल्या खिडक्यांवरून जाऊ दिल्याबद्दल वेस्टर्न युनियनला जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सरकारशी ५८ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

आपल्याकडे चेकचा हा प्रकार रुजला नाही. आपल्याकडे आले ते सर्वेक्षण. २०१० ते २०११ या काळात ‘स्पीक एशिया ऑनलाइन’ हे नाव महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत पोहोचले होते. ११,००० रुपये भरून वर्षभराचे सदस्य व्हायचे, आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरायची, प्रत्येकाचे ५०० रुपये. म्हणजे वर्षाला ५२,०००. वर आणखी सदस्य आणले तर त्यांचे वेगळे. ज्या बड्या कंपन्यांसाठी ही मते गोळा होतात असे सांगितले जाई, त्यांतल्या अनेकांनी मे २०११ मध्ये ‘आमचा संबंध नाही’ असे जाहीर केले आणि डोलारा कोसळला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेच्या तपासात सुमारे २४ लाख सदस्य आणि २,२०० कोटी रुपयांहून मोठी रक्कम, असे आकडे पुढे आले. सर्वेक्षण हे काम नव्हतेच. नव्या सदस्याच्या अकरा हजारांतून जुन्याला पाचशे मिळत होते. तरी त्यात एक गोष्ट होती. कुणीतरी ओळखीचा माणूस, भाचा किंवा शेजारी, ते घेऊन घरी यायचा. आज जे येते ते थेट हातातल्या फोनवर येते.

ते कुणाच्या फोनवर येते हे पाहायला एक वसाहत पुरे. ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. शहराच्या उत्तरेला, दुर्गापूरला लागून, ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त झाल्यावर आजची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. इरईच्या पाण्यावर आणि आसपासच्या खाणींतल्या कोळशावर ते चालते. इथे पगाराची तारीख ठरलेली असते, निवृत्तीला एकरकमी पैसा हातात येतो, घरोघरी शिकलेल्या पण नोकरी नसलेल्या स्त्रिया आहेत, आणि कंत्राटी कामावर असलेली किंवा प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीची वाट पाहणारी तरुण मुले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून शंभरहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. ‘घर बैठे जॉब’ अशा शब्दांनी जाहिराती करून ‘टास्क’ देणारी ती संकेतस्थळे होती. त्यांचे लक्ष्य कोण, हेही मंत्रालयाने सांगितले: निवृत्त कर्मचारी, महिला, बेरोजगार तरुण. ऊर्जानगरातल्या कुठल्याही इमारतीचा जिना चढताना ही तिन्ही माणसे भेटतात.

पुढची गोष्ट कुणा एकीची नाही. देशभरच्या तक्रारींत जशाच्या तशा दिसणाऱ्या पायऱ्या इथे एका क्वार्टरमध्ये आणून मांडल्या आहेत.

दुपारचे दोन वाजले आहेत. नवरा नाईट करून झोपला आहे म्हणून टीव्ही बंद आहे. मुलगी शाळेत. बाई ओटा पुसून, हात पदराला पुसत पलंगाच्या कडेला टेकते आणि फोन उघडते. अनोळखी नंबरवरून निरोप आहे: ‘नमस्कार मॅडम. आम्ही हॉटेल आणि रिसॉर्टसाठी गुप्त ग्राहक नेमतो. घरबसल्या काम. दिलेल्या ठिकाणाला नकाशावर पाच तारे द्या आणि स्क्रीनशॉट पाठवा. एका कामाचे ५० रुपये.’ खाली तीन ठिकाणे आहेत. एक गोव्यातले, एक महाबळेश्वरचे आणि तिसरे मोहर्लीच्या रस्त्यावरचे. त्या तिसऱ्याच्या फाटकावरून ती कितीदा तरी गेली आहे. ओळखीचे नाव दिसले की माणसाला धीर येतो. ती तिन्हींना पाच-पाच तारे देते. दहा मिनिटांत फोन वाजतो: खात्यात १५० रुपये जमा.

तुरीच्या किलोभर डाळीचे पैसे, पलंगावरून न उठता. आपल्या बोटांनी मिळवलेले. या दीडशे रुपयांची ताकद कमी लेखू नये. ‘लोभी होती म्हणून फसली’ असे नंतर म्हणणाऱ्यांनी स्वतःचा पैसा नसलेल्या बाईला पहिली कमाई काय वाटते याचा विचार केलेला नसतो.

मग तिला टेलिग्रामवरच्या एका गटात घेतात. तिथे एकीला ‘रिसेप्शनिस्ट’ म्हणतात, एकाला ‘मेंटॉर’. गटात पावणेदोनशे लोक. दुसऱ्या दिवशी ‘प्रीपेड टास्क’ येतो: १,००० भरा, काम करा, १,३०० घ्या. मिळतात. मग ५,००० चे ६,५०० होतात. तेही मिळतात. तिसऱ्या दिवशी तिला निवडक चार जणांच्या गटात हलवतात आणि सांगतात की हे तीन कामांचे एकत्र पाकीट आहे, तिन्ही पुरी झाल्याशिवाय रक्कम निघणार नाही. १२,००० जातात. २८,००० जातात. फोनवरच्या एका पानावर तिच्या नावापुढे ५२,००० दिसतात, पण ते नुसते आकडे आहेत. ते पान ठगांनीच बनवलेले आहे. आता तिसऱ्या कामाचे ६०,००० हवेत. गटातला एक जण चिडून लिहितो, ‘ताई, तुमच्यामुळे आमचेही पैसे अडकलेत. लवकर करा.’ मेंटॉर गोड बोलतो: ‘मॅडम, अर्ध्या तासाची मुदत आहे.’ तिची नजर कपाटाकडे जाते. पोत तिथे आहे, आणि सोनेतारण देणारे दुकान पंधरा मिनिटांवर.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, त्याची ही यंत्रासारखी बांधलेली आवृत्ती आहे. आधीचे चाळीस हजार सोडवायचे म्हणून पुढचे साठ. ते दिले की ‘कर’ येतो, मग ‘क्रेडिट स्कोअर कमी झाला’ येते, मग ‘खाते गोठले, उघडायचे शुल्क’ येते. शेवट ठगाकडून होत नाही. बाईकडचे पैसे संपतात तेव्हाच तो होतो.

हे गणित किती ठरलेले असते ते हैदराबाद पोलिसांनी जुलै २०२३ मध्ये उघड केलेल्या प्रकरणात दिसते. तिथल्या तक्रारदारालाही टेलिग्रामवर तारे देण्याचे आणि अभिप्राय लिहिण्याचे काम मिळाले होते. त्याने आधी १,००० रुपये गुंतवले, ८६६ नफा मिळाला. मग २५,००० वर २०,००० मिळाले. त्यानंतर मात्र काहीच परत आले नाही आणि जाता जाता २८ लाख गेले. पोलिसांनी त्याच्या पैशाचा माग काढला, तेव्हा एका खात्यातून दुसऱ्यात अशी डझनावारी खाती निघाली. ७१२ कोटी रुपये, सुमारे १५,००० लोक. माणशी सरासरी पावणेपाच लाख. हैदराबाद, मुंबई, अहमदाबाद इथून नऊ जणांना पकडले. सूत्रे चीनमधून हलत होती आणि रुपयाचे आभासी चलन होऊन तो बाहेर जात होता. ८६६ रुपये हा ठगांच्या हिशेबात खर्च नव्हे, बियाणे होते.

गटातल्या त्या पावणेदोनशे लोकांविषयी थोडे थांबून सांगायला हवे. झाडीपट्टीच्या माणसाला ही गोष्ट लवकर पटेल. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून नाटकमंडळी निघतात, गावोगाव रात्रभर नाटक चालते, आणि पडदा वर गेला की मंचावरचा प्रत्येक जण पात्र असतो. प्रेक्षक समोर बसलेले असतात. टेलिग्रामच्या त्या गटात सगळे उलटे असते. प्रेक्षक एकच असतो आणि त्याला आपण प्रेक्षक आहोत हे ठाऊक नसते. ‘आज ४२,००० निघाले, धन्यवाद सर’ लिहिणारी कॉलेजची मुलगी, हप्ता फेडल्याचा फोटो टाकणारे काका, आधी शंका घेऊन मग खात्री पटलेला दादा, ही सारी पात्रे एकाच खोलीत बसलेली दोन-तीन माणसे वठवत असतात. शंका घेणाऱ्याचे पात्र मुद्दाम ठेवलेले असते. आपल्या मनातला प्रश्न दुसऱ्याने विचारला आणि त्याला उत्तर मिळाले, की आपण तो पुन्हा विचारत नाही.

आणि ती खोली कुठे असते? अनेकदा म्यानमार-थायलंडच्या सीमेवर किंवा कंबोडियात, काटेरी तारेच्या आत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना बळजबरीने अशा कामाला जुंपले असावे. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून ते गेले होते. म्हणजे ‘मॅडम, अर्ध्या तासाची मुदत आहे’ असे लिहिणारा मेंटॉर स्वतःच अशाच एका जाहिरातीने ओढलेला, पासपोर्ट काढून घेतलेला पोरगा असू शकतो. ठगाबद्दल दया दाखवा असे इथे म्हणायचे नाही; पण पलीकडे एक चतुर माणूस नसून पाळ्यांमध्ये चालणारा कारखाना आहे, हे पाळ्यांची सवय असलेल्या वसाहतीने समजून घ्यावे. कारखान्याशी वाद घालून कुणी जिंकत नाही.

त्या कारखान्याला इथली खाती लागतात. चंद्रपुरात शिकणाऱ्या मुलाला कुणीतरी सांगते: तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर दे, पाच-दहा हजार मिळतील. पोलीस अशा खात्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. बाईचे २८,००० आधी अशाच एखाद्या मुलाच्या खात्यात पडतात आणि काही मिनिटांत पुढे चार ठिकाणी विभागले जातात. तक्रार झाल्यावर पहिले नाव त्या मुलाचे निघते. फसवणाऱ्याला तो कधी भेटलेलाही नसतो, पण गुन्ह्यात त्याचा वाटा असतो. पोलीस भरतीची किंवा वनरक्षकाची तयारी करणाऱ्या मुलाच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो, हे त्याच्या आईवडिलांनी त्याला वेळेवर सांगितले पाहिजे. शिवाय बाईला मिळालेले ते पहिले १५० रुपयेही दुसऱ्या कुणाच्या चोरीचे असू शकतात. तेवढ्या रकमेवरूनही तिचे स्वतःचे खाते अडकू शकते.

देशाचा आकडा सांगायचा तर २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेल्याची नोंद होती. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. वर्षभरात तिप्पट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२० मध्ये या ‘टास्क’ प्रकाराची एकही तक्रार नव्हती, २०२३ मध्ये सुमारे ५,००० आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,००० आल्या.

मग ओळखायचे कसे? सर्वांत उपयोगी खूण कामातच आहे. पैसे घेऊन तारे देणे हे कुठलेच प्रामाणिक काम नाही. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आणलेले मानक, आयएस १९०००, विकतच्या खोट्या अभिप्रायांना रोखण्यासाठीच आहे. अस्सल गुप्त ग्राहकाला जागेवर जावे लागते. जिथे पाऊल टाकायचे नाही, जेवायचे नाही, झोपायचे नाही, त्या हॉटेलची तपासणी कसली? मोहर्लीच्या रिसॉर्टला खरोखर कुणाकडून पारख करून घ्यायची असती, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या बाईला त्यांनी एक दिवस राहायला बोलावले असते.

दुसरी खूण पैसे पाठवण्याच्या क्षणी दिसते. यूपीआयवर रक्कम टाकल्यावर, पिन दाबण्याआधी, समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. घाईत ते कुणी वाचत नाही. वाचावे. मोठ्या हॉटेल कंपनीचे काम म्हणायचे आणि पैसे जाणार कुण्या ‘अमुक एंटरप्रायझेस’ला किंवा परराज्यातल्या एखाद्या व्यक्तीला, आणि पुढच्या वेळी आणखी वेगळ्याच नावाला. प्रत्येक वेळी नाव बदलते, कारण आधीचे खाते तोवर गोठलेले असू शकते. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगायला हवे. ऑफर लेटर, शिक्का, सही, कंपनीचे बोधचिन्ह यांवर विसंबू नये. ते मिनिटात बनते. काम देणारे म्हणून एखाद्या हॉटेलचे नाव घेतले गेले असेल, तर त्या हॉटेलच्या स्वागतकक्षाला सरळ फोन करावा आणि ‘तुम्ही असे काम देता का?’ असे विचारावे.

हा फोन करायचे सुचत का नाही? कारण विषय कुणाशी बोलायचा नसतो. ऊर्जानगरने दुसरा एक धोका फार वेगळ्या रीतीने हाताळला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला ओढून नेले. अशा ठिकाणी झुडपात काही हलले तरी निरोप जातो: इकडे येऊ नका, पोरांना आत घ्या. जंगलातही तसेच चालते. वानर खाकरते, चितळ ओरडते, आणि ताडोबाचा गाईड गाडी थांबवून कान देतो. वाघ दिसला हे सांगण्यात कुणाला लाज वाटत नाही. ‘मला असा निरोप आला’ किंवा ‘माझे चाळीस हजार गेले’ हे सांगायची मात्र वाटते, आणि त्यामुळे तोच निरोप त्याच जिन्यावरच्या पुढच्या घरात जातो.

पैसे गेलेच, तर पहिला तास सोन्याचा. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार तिथे नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवले जाते आणि पुढे सरकण्याआधी सापडली तर रक्कम तिथेच रोखली जाते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर, २०१९ पासून, लेखी तक्रारही करता येते. स्वतःच्या बँकेला लगेच कळवावे आणि दुर्गापूर ठाण्यात किंवा चंद्रपूरच्या सायबर पोलिसांकडे जावे. कायद्यात भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड लागते. एक कटू गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनी ग्राहकाला मिळणारे संरक्षण त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन आपणच दाबलेला असतो, म्हणून बँक भरपाई देईल ही आशा धरू नये. आशा आहे ती रक्कम वाटेत रोखली जाण्यावर. रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते, आणि त्यासाठी कागद लागतात. टेलिग्रामचा गट रागाने पुसून टाकू नये. आधी सगळ्याचे फोटो घ्यावेत. आणि आठवडाभराने ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडे शुल्क लागेल’ असा फोन आला, तर तो त्याच कारखान्यातून आलेला असतो.

त्या क्वार्टरमध्ये अजून अर्धा तास संपलेला नाही. बाई कपाट उघडते तेवढ्यात दार वाजते. शेजारीण विरजणाला दही मागायला आली आहे. बाईचा चेहरा बघून ती आत येते, फोन हातात घेते, चष्मा कपाळावरून खाली ओढते आणि पैसे ज्यांना गेले ती नावे मोठ्याने वाचते. दोन मोठे व्यवहार, दोन नावे. ‘वहिनी, कंपनी एवढी मोठी हाय म्हणता, मंग पैसे दोन येगयेगळ्या मानसायच्या नावानं काहून घेते?’

बाई काही बोलत नाही. मेंटॉरचा निरोप येतो: ‘मॅडम, पाच मिनिटे उरली.’ शेजारीण १९३० लावून फोन तिच्या कानाला देते. पलीकडून प्रश्न येतात: नाव, बँक, रक्कम, किती वाजता, व्यवहार क्रमांक. शेजारीण दुसऱ्या फोनवर व्यवहाराचा तो बारा आकडी क्रमांक शोधते, फ्रीजवर ठेवलेल्या जुन्या वीजबिलाच्या पाठीवर तो उतरवते आणि एकेक आकडा हळू सांगत जाते. आतल्या खोलीत नवऱ्याला जाग आली आहे. ‘काय झालं?’ तो विचारतो. ‘या भाऊजी, तुमीबी बसा,’ शेजारीण म्हणते आणि दुसऱ्या व्यवहाराचा क्रमांक लिहायला घेते.